टाकीचा श्वास

खोबरेल तेलाचा नवा डबा घरात आला, की त्याला खिळ्याने भोक पाडण्याचे काम आमच्याकडे परंपरेने माझ्या वाट्यास येते. एक भोक पाडून मी डबा पत्नीच्या हाती देतो आणि ती तो न बोलता परत करते. एका भोकाच्या डब्यातून तेल धार धरीत नाही. ते थेंब थेंब पडते, मध्येच थबकते, आणि मग एकदम भसकन ओघळून ओट्यावर सांडते. समोरच्या कडेला दुसरे भोक पाडले, की तोच डबा शहाण्यासारखा वागू लागतो. एका भोकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून तेवढीच हवा आत जाते. हे शास्त्र माझ्या आईला ठाऊक होते, तिच्या आईलाही ठाऊक होते. त्या दोघींपैकी कोणीही पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडलेले नव्हते.

या महिन्यात वाचकांशी बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या भोकाविषयी. निमित्त मात्र स्वयंपाकघरातले नाही. ते आमच्या नदीवरच्या एका बोटीचे, तिच्या डिझेलच्या टाकीचे आहे. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या हेडमास्तराने बोटीच्या टाकीविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु प्रसंग असा घडला, की त्यात त्या टाकीबरोबर माझ्या शिकवण्याचीही परीक्षा झाली. आणि तीत मी फारशा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो नाही.

आमची सरकारी शाळा शापोरा नदीच्या काठी आहे. वरच्या अंगाला, दोडामार्गच्या बाजूस, हीच नदी तिळारी म्हणून ओळखली जाते. गोव्यात उतरून समुद्राला मिळेपर्यंत ती चांगली ऐसपैस होते आणि मुखाशी तिने वाळूचे दांडे आडवे घालून ठेवले आहेत. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समुद्राची लाट आत येऊ लागली, की त्या दांड्यावर दोघांची झुंज जुंपते. तेथून बोट काढावयाची तर इंजिनाचा भरवसा लागतो.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर पंधरा-वीस दिवसांनी माझा एक माजी विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. मुलीच्या दाखल्याचे काही काम होते. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत ये ना," मी म्हणालो.

"नको सर, अंगाला डिझेलचा वास येतोय. कपडे बदलले तरी जात नाही."

वडील तांडेल, आता वय झाले तरी बोटीवर जातात. बोट मुलाच्या नावावर, कर्जही मुलाच्या नावावर. मी त्याला बळेच आत बसवले आणि वासाचे कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "टाकी ओकते, सर."

मग सगळी हकिकत बाहेर आली. पावसाळ्यातील मासेमारीबंदीचे दोन महिने संपल्यावर बोट पाण्यात ढकलली, तेव्हापासून तिला हा आजार जडला होता. जेटीवर पंपाने डिझेल भरू लागले, की टाकी अर्धीही होण्याआधी भरण्याच्या तोंडातून फेसासकट डिझेल उसळून वर येई, भरणाऱ्याच्या अंगावर उडे, फळ्यांवरून वाहत नदीत जाई. तोंड थांबवून, दम घेऊन, पुन्हा भरावे तर पुन्हा तेच. दुसरे दुखणे समुद्रात. निघाल्यापासून पाऊण-एक तासाने इंजिन खोकू लागे, त्याची गती उतरे आणि ते बंद पडे. मिस्त्रीने पाहिले. कोठेतरी नळीत हवा शिरते, असे त्याने निदान केले. सगळे सांधे आवळले, दोन फिल्टर बदलले, शेवटी फीड पंपही नवा बसवला. कर्जाच्या एका हप्त्याएवढा पैसा गेला आणि आजार होता तेथेच राहिला. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे, तसे झाले.

"परवा तर मुखाशीच बंद पडलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी, बाबा आणि दोन खलाशी. अंधार पडलेला. नांगर टाकला तर वाळूत धरेना. दांड्यावर पाणी फुटताना दिसत होतं. बाबांना वाटलं डिझेलच संपलं असेल, म्हणून काठी घालून बघायला त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. उघडताना मोठ्यानं सूं असा आवाज झाला आणि आतून ढप्प करून काहीतरी आपटल्यासारखं वाटलं. डिझेल तर भरपूर होतं. मी पुन्हा बटण मारलं आणि इंजिन लागलं. बाबा म्हणतात, देवानंच सुचवलं. त्या दिवसापासून आम्ही झाकण सैल ठेवतो. इंजिन बंद पडत नाही, पण लाटेवर डिझेल हिंदकळून बाहेर येतं, आणि पाणी आत जाईल याची भीती वाटते."

मी सहानुभूतीने मान हलवीत होतो. पत्नी चहाचा पेला त्याच्या हाती देत होती. ती सहज म्हणाली, "दुसरं भोक बुजलं असेल रे त्या टाकीचं."

आम्ही दोघेही तिच्याकडे पाहत राहिलो.

पुढच्या रविवारी सकाळी मी जेटीवर गेलो. मला इंजिनातले काही कळते असे नाही. परंतु प्रश्न आता इंजिनाचा राहिला नव्हता. फळी उचलून त्याने टाकी दाखवली. दोनशे लिटरची, पोलादी पत्र्याची पेटी. तिला चार वाटा होत्या. एक डिझेल भरण्याची, रुंद. दुसरी इंजिनाकडे जाणारी. तिसरी इंजिनाला नको असलेले डिझेल परत आणून सोडणारी. आणि चौथी एक अंगठ्याएवढी रबरी नळी, टाकीच्या माथ्यावरून निघून बोटीच्या कडेला बाहेर उघडणारी. मिस्त्री तिला ब्रीदर म्हणतात. आपण हवेची नळी म्हणू. चौकशी केली तेव्हा कळले, की पहिल्या तिन्ही वाटा दोन महिन्यांत अनेकदा उघडून झाल्या होत्या. चौथीकडे कोणी पाहिलेच नव्हते. तिच्यातून काही वाहत नाही, मग ती बिघडणार कशी, असा सर्वांचा समज.

तिचे बाहेरचे तोंड शोधावे लागले. बोटीच्या निळ्या अंगावर ते निळेच झाले होते. या तोंडावर बारीक तारेची जाळी असते. बाहेरची ठिणगी आत जाऊ नये आणि किडामुंगी शिरू नये यासाठी. त्या जाळीवर तैलरंगाचे दोन थर छान बसले होते. नारळी पौर्णिमेपूर्वी बोट रंगवली तेव्हा कुंचला तिच्यावरूनही फिरला होता. म्हातारे तांडेल जवळच उभे होते. त्यांनी जाळीवरून बोट फिरवले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तर, रंग मीच मारला. दोनदा." त्यापुढे कोणी काही बोलले नाही.

आता नेमके घडत काय होते ते पाहू. पंपातून मिनिटाला ४० लिटर डिझेल टाकीत पडत असेल, तर तेवढ्याच वेळात ४० लिटर हवा टाकीबाहेर पडली पाहिजे. तिची वाट बंद असेल, तर ती डिझेलच्याच वाटेने उलटी येते. आणि येताना डिझेलचा फेस करून तो भरणाऱ्याच्या अंगावर फेकते. टाकी ओकते ती पोट भरले म्हणून नव्हे, श्वास कोंडला म्हणून.

समुद्रात उलटा प्रकार. झाकण घट्ट बसवले आणि हवेची नळी बंद, म्हणजे टाकी सर्व बाजूंनी मिटलेली. समजा, तिच्यात डिझेलच्या वर ४० लिटर हवा आहे. इंजिनाने ४ लिटर डिझेल जाळले, की तीच हवा ४४ लिटर जागेत पसरते आणि तिचा दाब एक अकरांशाने उतरतो. ऐकावयास हे किरकोळ वाटते. परंतु वातावरणाचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. टाकीचा माथा ६० सेंटिमीटर लांब व ५० रुंद धरला, तर त्या ३,००० चौरस सेंटिमीटरवर बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा पावणेतीनशे किलोंहून अधिक भाराने दाबू लागते. पत्रा आत चेपतो. झाकण उघडताच तो जागेवर येतो आणि ढप्प असा आवाज होतो. पंपाच्या दृष्टीने तर टाकी एक मीटरहून अधिक खाली सरकल्यासारखेच होते. तो ओढतो, ओढतो, आणि अखेर थकतो. एवढ्या ओढीने सांध्यांतून थोडी हवाही शिरते. मिस्त्रीला दिसलेली हवा खरी होती; पण ती रोगाचे लक्षण होती, कारण नव्हती.

जाळी काढली, रंग खरवडला, रॉकेलमध्ये धुऊन वाळवून ती परत बसवली. (पुष्कळ जण कटकट नको म्हणून ती टाकूनच देतात. तसे करू नये.) त्या दिवशी बोट दोन तास नदीत फिरवली. झाकण घट्ट होते. इंजिन एकदाही खोकले नाही.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. भरण्याच्या तोंडातून उसळणे थांबले, पण आता बाहेरच्या जाळीतून डिझेलच्या पिचकाऱ्या उडत होत्या, तेही टाकी पुरती भरण्याआधी. पुन्हा फळी उचलली. नळीला आधार देणारा लोखंडी आकडा गंजून तुटला होता आणि नळी मध्येच झोळीसारखी लोंबत होती. त्या झोळीत डिझेल साचले होते. घरोघरी संडासाच्या भांड्याखाली वाकडी नळी असते. तिच्यात पाणी साचून राहते आणि दुर्गंधीची वाट अडवते. येथे तेच होत होते. टाकीतली हवा त्या साचलेल्या डिझेलमधून गुडगुड करीत वाट काढी आणि जाताना डिझेलही बाहेर फेकी. नवा आकडा बसवला. नळी टाकीपासून सतत चढती ठेवली. वर एक वळसा देऊन मग बाहेरच्या तोंडाकडे उतरवली, म्हणजे लाटेचे पाणी आत शिरणार नाही. त्यानंतर आजवर तक्रार नाही. दोन्ही दुरुस्त्यांना मिळून एका फिल्टरएवढाही खर्च आला नाही.

एकाच टाकीत दोन दोष असू शकतात, आणि पहिला दूर केल्यावरच दुसरा दिसतो, हे त्या दिवशी मी शिकलो. त्यानंतर जाणकारांना विचारून आणि थोडे वाचून जे समजले, ते होडी-बोटीशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांसाठी येथे मांडतो.

इंधन सांडत असेल, तर प्रथम ते कोठून सांडते ते पाहावे. भरण्याच्या तोंडातून उसळत असेल, तर हवा बाहेर पडत नाही असे समजावे. जाळीवरचा रंग, मिठाचा थर, पिचकलेली नळी, किंवा कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर, यांपैकी काहीतरी सापडते. दोन महिने बोट किनाऱ्यावर झाकून ठेवली, की एवढे सुंदर भोक ती माशी सोडीत नाही. भरण्याची नळीच फार सपाट किंवा दुमडलेली असेल, तरीही असे होते. हवेच्या नळीतून सांडत असेल, तर कारणे वेगळी. नळीत झोळी असेल; टाकी गळ्यापर्यंत भरली असेल; नळीचे बाहेरचे तोंड भरण्याच्या तोंडापेक्षा खाली असेल; किंवा माल एका बाजूस रचल्याने बोट कलली असेल. दोन टाक्या असलेल्या डिझेल बोटीत आणखी एक फसवे कारण असते. इंजिन एका टाकीतून डिझेल ओढते आणि उरलेले दुसऱ्या, आधीच भरलेल्या टाकीत सोडते. मग भर समुद्रात कोणी काही न भरताच टाकी वाहू लागते. अशा वेळी ओढण्याचा आणि परतीचा, दोन्ही कॉक एकाच टाकीकडे आहेत की नाहीत, ते तपासावे.

चालत्या बोटीचे इंजिन काही वेळाने मरत असेल, तर सुटे भाग विकत घेण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून पाहावे. सूं असा आवाज झाला आणि इंजिन पुन्हा लागले, तर निदान तेथेच झाले. परंतु सैल झाकण हा उपाय नव्हे. त्यातून खारे पाणी आत जाते, इंधन बाहेर येते, आणि आगीला आमंत्रण मिळते. नळी तपासताना ती टाकीपासून सोडवून सायकलच्या पंपाने हळू हवा मारावी आणि बाहेरच्या तोंडाशी हात धरून पाहावे. इंधनाच्या नळीला तोंड लावू नये. टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर तर टाकीला कधीच जोडू नये. चौरस सेंटिमीटरला केवळ पाव किलो दाब वाढला, तरी मघाच्या त्या माथ्यावर साडेसातशे किलोंचा रेटा येतो. टाकी फुगते, सांधे उकलतात.

टाकी गळ्यापर्यंत भरू नये, यामागेही साधे कारण आहे. उष्णतेने इंधन फुगते. पेट्रोल १० अंश सेल्सिअसने तापले, तर १०० लिटरचे जवळजवळ १०१ लिटर होते. डिझेल त्याहून किंचित कमी फुगते. जमिनीखालच्या थंड टाकीतले इंधन सकाळी बोटीत काठोकाठ भरले आणि दुपारी ऊन चढले, की ते जादा लिटर हवेच्या नळीतूनच बाहेर पडणार. शंभरातील पाच हिस्से जागा मोकळी ठेवावी.

पेट्रोलच्या बाबतीत हा विषय स्वच्छतेचा राहत नाही, जिवाचा होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी खाली वाहते आणि बोटीच्या तळाशी, कोपऱ्याकोपऱ्यांत साचून राहते. हवेत तिचे प्रमाण शंभरात दीडच्या आसपास झाले, तरी एक ठिणगी पुरते. आणि ती ठिणगी आपण स्वतःच, इंजिन सुरू करण्याचे बटण दाबून पुरवतो. म्हणून भरताना फळ्या-खिडक्या बंद, आणि भरल्यावर सगळे उघडून, वारा खेळू देऊन, तळाशी वास घेऊन मगच इंजिन सुरू करावे. लहान होड्यांच्या मागे लावतात त्या आऊटबोर्ड इंजिनाची सुटी टाकी होडीत ठेवून भरू नये. ती किनाऱ्यावर आणून जमिनीवर ठेवावी आणि पंपाची तोटी तिच्या काठाला टेकवून भरावी, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी उडत नाही. अशा टाकीच्या झाकणावर बहुधा एक लहान स्क्रू असतो. तोच तिचा श्वास. निघताना तो सैल करावयाचा आणि होडी ठेवताना आवळावयाचा. नळीवरचा रबरी फुगा चपटा पडलेला दिसला, की स्क्रू सैल करण्याचे राहिले असे ओळखावे. डिझेल त्यामानाने शांत, पण निर्धोक नव्हे. ३५ अंशांच्या पुढे तापलेल्या डिझेलमधूनही पेट घेण्याजोगी वाफ निघू शकते, आणि आपल्याकडच्या उन्हात बोटीची फळी याहून पुष्कळ तापते.

राहिला प्रश्न नदीत वाहून गेलेल्या डिझेलचा. "थोडंसं तर सांडतं," असे जेटीवर सर्वच म्हणतात. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात एका प्रयोगाची हकिकत दिली आहे. लंडनजवळच्या एका तळ्यात त्यांनी चमचाभर तेल ओतले. ते पसरत पसरत सुमारे अर्ध्या एकरावर, म्हणजे वीस गुंठ्यांवर गेले आणि तेवढे पाणी आरशासारखे नितळ झाले. ते तेल डिझेल नव्हते, हे खरे. परंतु डिझेलचाही असाच पातळ, रंगीत पडदा ओहोटीच्या पाण्यावर तरंगताना आपण पाहतोच. आमच्या नदीच्या उथळ भागात बायाबापड्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून तिसऱ्या वेचतात. वरच्या अंगाला सांडलेले डिझेल त्यांच्याच पायांशी येते. सांडलेल्यावर साबणाचे पाणी ओतून ते दिसेनासे करण्याची युक्तीही काही जण वापरतात. त्याने डिझेल जात नाही. ते फुटून पाण्यात मिसळते, इतकेच. भरताना हवेच्या नळीच्या तोंडाखाली जुने धोतर किंवा फडके धरणे, हा त्यापेक्षा प्रामाणिक उपाय आहे.

आता माझ्या परीक्षेविषयी. दुरुस्ती झाली त्या दिवशी आम्ही जेटीवर चहा घेत होतो. तो एकाएकी म्हणाला, "सर, हे आपल्याला नववीत होतं ना? हवेचा दाब. तुम्हीच घेतला होता तो धडा."

मला आठवले. विज्ञानाचे शिक्षक दीर्घ रजेवर होते आणि त्यांचे तास मी घेत होतो. धडा मी मोठ्या तन्मयतेने शिकवला होता. सतराव्या शतकाच्या मध्यावर ओटो फॉन गेरिके यांनी धातूचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढून घेतली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले तरी ते सुटेनात, ही कथा मी अशी रंगवून सांगितली होती, की मुलांना घोड्यांच्या टापा ऐकू आल्या असाव्यात. व्याख्या पाठ करून घेतली होती. या मुलाला त्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, हेही त्यानेच सांगितले.

आणि तरीही त्या रात्री दांड्यावर, बापाच्या हातून झाकण उघडले गेले आणि सूं असा आवाज झाला, तेव्हा त्याला गेरिकेचे घोडे आठवले नाहीत. माझ्या घरात बसून त्याने तो आवाज मला ऐकवला, तेव्हा मलाही आठवले नाहीत. आठवले ते पत्नीला, आणि तिला गेरिके ठाऊक नाही. तिला डबा ठाऊक आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्या वर्गात बसलेल्या मुलांच्या घरी बोटी होत्या, टाक्या होत्या, आणि प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात दोन भोकांचा डबा होता. मी त्यांना जर्मनीला नेऊन आणले आणि त्यांच्याच घराकडे बोट दाखवावयाचे विसरलो. त्या विसरण्याची किंमत चार माणसांनी अंधारात, फुटणाऱ्या लाटांसमोर मोजली असती.

या वर्षी आठवी व नववीच्या वर्गांत मी एक रिकामा डबा, पाण्याची बादली आणि खिळा घेऊन गेलो. मुलांनीच डब्यात पाणी भरले, भोके पाडली, एक भोक बोटाने दाबून धार थांबवली, बोट काढून पुन्हा सोडली. मग मी घोड्यांची गोष्टही सांगितली. ती सोडवत नाही. पण तास संपण्यापूर्वी प्रत्येकाला एक काम दिले: घरी जाऊन अशी एक वस्तू शोधायची, जिचा श्वास बंद पडला तर ती बिघडेल. दुसऱ्या दिवशी वहीत चहाच्या किटलीच्या झाकणाचे भोक होते, बाबांच्या मोटारसायकलचे टाकीचे झाकण होते, आणि पाच जणांच्या वहीत बोटीची हवेची नळी होती. एका मुलीने लिहिले होते, की आई कुकरचे झाकण लावण्यापूर्वी शिटीची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का ते पाहते.

ज्यांच्या घराजवळ नदी नाही, समुद्र नाही, त्या वाचकांनी आज एवढे करावे. कुकरची ती नळी तशीच उजेडासमोर धरून पाहावी. आणि ज्यांच्या घरची बोट नारळी पौर्णिमेपूर्वी रंगायला काढली जाईल, त्यांनी कुंचला हाती घेण्याआधी हवेच्या नळीच्या तोंडावर कागदाची पट्टी चिकटवावी, आणि रंग वाळल्यावर ती आठवणीने काढावी. म्हातारे तांडेल या वर्षी तेच करणार आहेत. पट्टी काढण्याची आठवण मी करून द्यावी, असे त्यांनी मला बजावून ठेवले आहे.